पिक्चर तयार असतो, तारीख ठरलेली असते, मग भूत अडतं कुठं?

१३ सप्टेंबर २०२४. शुक्रवार. थिएटरला एक असा पिक्चर लागला जो बहुतेकांनी आधीच मोबाईलवर पाहिलेला होता. गोष्ट माहीत, शेवट माहीत, म्हातारी कुठल्या सीनला उठून बसते तेही माहीत. तरी पहिल्याच दिवशी गल्ला दीड कोटीच्या वर गेला. हाच पिक्चर १२ ऑक्टोबर २०१८ ला नवा कोरा होता, तेव्हा पहिल्या दिवसाचा आकडा होता ६५ लाखांच्या आसपास.

पिक्चर अर्थातच ‘तुंबाड’.

आता तुम्ही म्हणाल, हे तर सगळ्यांना माहीत आहे. खरंय. पण दर वर्षी ऑक्टोबर जवळ आला की सोशल मीडियावर तेच चित्र दिसतं. कुठल्या तरी हॉरर पिक्चरचं पोस्टर येतं, तारीख येते, पोरं काऊंटडाऊन लावतात आणि मग एका संध्याकाळी निर्मात्यांची पोस्ट पडते, ‘रिलीज पुढे ढकलत आहोत’. खाली हजार कमेंट, बहुतेक शिव्या. पिक्चर बनलाय, ट्रेलर आलाय, मग अडतंय कुठं?

याचं उत्तर शोधायला तुंबाडइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

पंचवीस वर्षांची गोष्ट

दिग्दर्शक राही अनिल बर्वे. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणारे अनिल बर्वे हे त्याचे वडील. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने राहीला नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. मराठीत भयकथा म्हटलं की पहिलं नाव धारपांचंच. गोष्ट डोक्यात राहिली. १९९७ च्या सुमारास पहिला खर्डा झाला, तेव्हा राही अठरा वर्षांचा होता. पुढे त्याने तब्बल ७०० पानांचा स्टोरीबोर्ड काढला, म्हणजे अख्खा पिक्चर आधी कागदावर चित्रांत. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून.

२००८ ला काम सुरू झालं आणि निर्मात्याने हात काढला. मग सोहम शाह आला, २०१२ ला शूटिंग सुरू झालं. एडिटला बसल्यावर लक्षात आलं की जमलेलं नाही, म्हणून बराच भाग पुन्हा शूट केला. २०१५ ला शूटिंग संपलं. मग व्हीएफएक्स आणि बाकीची कामं. २०१८ ला व्हेनिस फेस्टिव्हलच्या क्रिटिक्स वीकची सुरुवात याच पिक्चरने झाली आणि ऑक्टोबरमध्ये एकदाचा तो आपल्याकडे लागला.

या पिक्चरमधला पाऊस आठवतोय? पहिल्या फ्रेमपासून कोसळतोय. तो खरा हवा, ते ढगाळ उजेडाचं आभाळ खरं हवं, म्हणून ही माणसं एकेका पावसाळ्यासाठी थांबायची. सासवडच्या पुरंदरे वाड्यात शूटिंग झालं, तेही अशाच दिवसांत. पावसाची वाट बघणं म्हणजे काय हे आमच्या म्हसवडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्या माण तालुक्यात पाचशेच्या आत-बाहेर. तोही आला तर.

थोडं विषयांतर, पण हे सांगायलाच हवं. पिक्चरमधली ती साखळदंडातली म्हातारी आणि विनायकरावाचा पोरगा पांडुरंग, दोन्ही भूमिका एकाच बालकलाकाराने केल्यात, मोहम्मद समद. पुढच्या वेळी बघताना लक्ष ठेवा.

तर तुंबाड लांबला तो दोन कारणांनी. एक, पैसे लावणारा मिळत नव्हता. दोन, करणाऱ्यालाच मनासारखं झालेलं नव्हतं. दुसरं कारण आपल्याला आवडतं, कारण त्यात जिद्द वगैरे आहे. पण बहुतेक पिक्चर पहिल्या कारणानेच अडतात.

पैसे अडतात म्हणजे नेमकं काय?

पिक्चर फक्त तिकिटांवर चालत नाही. ओटीटीचे हक्क, टीव्हीचे हक्क, गाण्यांचे हक्क हे सगळं आधी विकलं तर निर्मात्याला धीर येतो. हॉररची गोची इथंच होते. गाणी नसतात किंवा एखादंच असतं. तुंबाडला अजय-अतुलचं एकच गाणं आहे. रक्त आणि भीती जरा जास्त झाली की सेन्सॉरचं ‘ए’ सर्टिफिकेट. आणि ‘ए’ पिक्चर टीव्हीवर दाखवता येत नाही, कापून ‘यूए’ करून घ्यावा लागतो. म्हणजे टीव्हीच्या हक्कांना भाव पडतो. मोठा स्टार नसेल तर ओटीटीवालाही घासाघीस करतो. या सौद्यांपैकी एक जरी अडला तरी तारीख सरकते, आणि बाहेर कारण सांगितलं जातं ‘व्हीएफएक्सचं काम बाकी आहे’. कधी ते खरंही असतं.

दुसरा घोळ स्क्रीनचा. शुक्रवारी मोठा पिक्चर आला की छोट्याला सकाळी नऊचा आणि रात्री अकराचा शो उरतो. तुंबाड २०१८ ला आला तेव्हा ‘अंधाधुन’चा दुसरा आठवडा जोरात सुरू होता आणि पुढच्याच गुरुवारी, दसऱ्याला, ‘बधाई हो’ आला. तोंडी प्रसिद्धी व्हायला जो वेळ लागतो तो मिळालाच नाही. पहिल्या वेळी सगळी मिळून कमाई झाली साडेतेरा कोटींच्या घरात.

हॅलोविनचा पिक्चर चुकला तर थेट वर्षभर

परदेशात हॉररला आणखी एक कुलूप आहे, कॅलेंडरचं. तिकडे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन. भोपळे कोरायचे, भुताचे कपडे घालून पोरांनी दारोदार खाऊ मागत फिरायचं. भयपटांचा धंदा ऑक्टोबरभर. त्यामुळे गोष्टच हॅलोविनच्या रात्रीची असेल तर तो पिक्चर मार्चमध्ये लावून चालत नाही. आपल्याकडे गणपतीचं गाणं शिमग्याला वाजवण्यातली गत.

‘हॅलोविन किल्स’ १६ ऑक्टोबर २०२० ला येणार होता. कोरोना आला. जुलै २०२० मध्ये जॉन कार्पेंटर आणि दिग्दर्शक डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांनी जाहीर केलं की आता थेट १५ ऑक्टोबर २०२१. महिना-दोन महिने नाही, पूर्ण वर्ष. त्याच्यामागे ‘हॅलोविन एंड्स’ होता, तोही मग एक वर्ष सरकून ऑक्टोबर २०२२ ला आला. चाहते चिडले, पण निदान त्यांच्या हातात तारीख होती.

‘ट्रिक आर ट्रीट’च्या चाहत्यांकडे तीही नव्हती. मायकल डोहर्टीचा हा पिक्चर, हॅलोविनच्या एकाच रात्रीच्या चार-पाच गुंतलेल्या गोष्टी. ऑक्टोबर २००७ ला येणार म्हणून वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केलं आणि मग गुपचूप यादीतून काढून टाकला. पिक्चर पूर्ण तयार होता. धड कारणही दिलं नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये ‘सॉ ४’ होता, त्याला घाबरले असा एक अंदाज तेव्हा लोक बांधायचे. पुढची दोन वर्षं फेस्टिव्हलमधले मोजके शो झाले, ज्यांनी पाहिला त्यांनी बाकीच्यांना चिडवलं, आणि ऑक्टोबर २००९ ला तो थिएटर सोडून थेट डीव्हीडीवर आला.

म्हणजे संपला, असंच कुणालाही वाटेल. पण डोक्यावर पोतं घातलेलं त्यातलं सॅम नावाचं पोर आज हॅलोविनच्या बाजारात मुखवटे, टीशर्ट, बाहुल्या होऊन विकलं जातं. दर ऑक्टोबरला लोक तो पिक्चर पुन्हा लावतात.

आपल्याकडे हॅलोविनचं कुलूप नाही, आपल्याला दिवाळी आहे. ‘भूल भुलैया ३’ आला १ नोव्हेंबर २०२४ ला, दिवाळीत. ‘थामा’ २१ ऑक्टोबर २०२५ ला, तोही दिवाळीत. थामाचा दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, म्हणजे ‘मुंज्या’वाला. त्याचा मराठी ‘झोंबिवली’ कोरोनात असाच लटकला होता. २०२१ ला येणार होता, तो २६ जानेवारी २०२२ ला आला, जेव्हा महाराष्ट्रात थिएटरला निम्म्याच खुर्च्या विकायची परवानगी होती. मराठीत झोंबी आणायचे आणि समोरच्या दर दोन खुर्च्यांतली एक सरकारी आदेशाने रिकामी. तरी त्यांनी लावला. मला विचाराल तर योग्य केलं, मराठी निर्मात्याला वर्षभराचं व्याज झेपत नाही.

आणि म्हसवडला रिलीज कधी?

आता जरा आपल्याकडे येऊ. ‘रिलीज झाला’ म्हणजे कुठं झाला?

पूर्वी सातारा, सांगली, सोलापूर पट्ट्यातल्या यात्रांमध्ये पिक्चर यायचा तो टुरिंग टॉकीजच्या ट्रकमधून. तंबू, प्रोजेक्टर, रिळं, खाली बसायला माती. मुंबईत लागून कित्येक महिने झालेला पिक्चर यात्रेत नवा असायचा. तेव्हा रिलीजची तारीख म्हणजे यात्रेची तारीख, निर्मात्याची नव्हे. या तंबूवाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट केला, २०१६ ला कान फेस्टिव्हलमध्ये त्याची खास दखल घेतली गेली. त्यात रिळं जाऊन डिजिटल येतानाची या लोकांची तारांबळ दिसते.

डिजिटल आल्यावर एक गोष्ट चांगली झाली. पिक्चर आता कुलूप लावलेल्या फाईलमध्ये किंवा सॅटेलाईटने येतो आणि ठरलेल्या वेळी किल्ली मिळाली की चालू होतो. मुंबईला आणि साताऱ्याला एकच शुक्रवार. वाईट झालं ते हे की तंबू गेले आणि शुक्रवार जिथे स्क्रीन आहे तिथेच उरला. म्हसवडहून सातारा ऐंशी-नव्वद किलोमीटर. चार मित्रांनी पिक्चरला जायचं तर गाडीचं पेट्रोल तिकिटांना मागे टाकतं. त्यात हॉररचे शो रात्रीचे. परत येताना गोंदवल्याच्या पुढचा अंधारा रस्ता, तो वेगळा पिक्चर.

मग काय होतं? थांबायचं. हिंदी पिक्चर थिएटरनंतर आठ आठवड्यांनी ओटीटीवर आणावा असा मल्टिप्लेक्सवाल्यांचा आग्रह असतो. म्हणजे पुण्याच्या पोराचा रिलीज आज आणि आपला दोन महिन्यांनी, मधल्या काळात रील्सनी सगळे सीन उघडे पाडलेले. काहींना धीर धरवत नाही, ते टेलिग्रामवर शोधतात. त्यांना उपदेश करत नाही, फक्त हिशोब सांगतो. पिक्चर चालला की पडला हे पहिल्या तीन दिवसांत ठरतं आणि त्या तीन दिवसांत म्हसवडचा प्रेक्षक मोजलाच जात नाही. दोन महिन्यांनी मोबाईलवर बघून त्याने कितीही डोक्यावर घेतला तरी तोवर निर्मात्याच्या वहीत ‘पडला’ असं लिहून झालेलं असतं.

तुंबाडचं हेच झालं. थिएटरात थंड, मग प्राईमवर आला, मग एकाने दुसऱ्याला सांगितलं. मीम्स, हस्तरचे अर्थ लावणारे व्हिडिओ, ‘लालच’वरचे स्टेटस. सहा वर्षं ही उधारी साचत गेली आणि २०२४ ला पुन्हा लावल्यावर वसूल झाली. दुसऱ्या वेळची कमाई पहिलीच्या दुपटीहून जास्त. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘लैला मजनू’चंही असंच झालं होतं, तोही २०१८ चाच पडलेला पिक्चर.

म्हणून लोक म्हणतात, चांगला पिक्चर कधी ना कधी चालतोच. मला हे पटत नाही. जे पुन्हा लागले तेवढेच आपल्याला दिसतात. दुसरी संधी मिळायला कुणीतरी हक्क धरून ठेवावे लागतात, पुन्हा पैसा घालावा लागतो. तुंबाडसाठी तो माणूस सोहम शाह होता, ज्याचे स्वतःचे पैसे त्यात अडकले होते.

मग ‘पुढे ढकलला’ची पोस्ट वाचायची कशी?

सोपी खूण आहे. नवी तारीख दिली असेल तर सहसा पिक्चर सुखरूप असतो, फक्त गर्दीतून बाजूला झालाय. ‘लवकरच’ लिहिलं असेल तर सौदा अडलाय असं समजा. आणि पोस्टच न येता नुसतं यादीतून नाव गायब झालं असेल, तर ते ‘ट्रिक आर ट्रीट’वालं प्रकरण असू शकतं. तिथे काऊंटडाऊन लावण्यात अर्थ नाही.

तुंबाडवाल्यांसाठी तर वाट बघणं दुसऱ्यांदा सुरू झालंय. २०२४ ला पिक्चर पुन्हा लागला तेव्हाच सोहम शाहने ‘तुंबाड २’ची घोषणा केली. राही बर्वे त्यात नाही, त्याने शुभेच्छा देऊन आपला रस्ता वेगळा केला.

आणि ‘ट्रिक आर ट्रीट’चा दुसरा भाग? त्याची घोषणा ऑक्टोबर २०१३ ला झाली. चाहते अजून दर हॅलोविनला विचारतात.