पेटीच्या घरात मिडी आला. डाव्या हाताचे काय?

संगणकाला जोडायचा मिडी कीबोर्ड घेताना दुकानदार पट्ट्या मोजून दाखवतो, दिवे लावून दाखवतो. पण पेटीवर वाढलेल्या घराने आधी पाहायला हवी ती वेगळीच गोष्ट. रायपूरच्या मराठी घरांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही खरेदीची उजळणी.

दहावीचा निकाल चांगला लागला की पूर्वी मुले सायकल मागत, नाही तर मनगटी घड्याळ. आता एखादा चिरंजीव किंवा एखादी कन्या शांतपणे सांगते, ‘मला मिडी कीबोर्ड हवा.’ घरातली वडीलधारी मंडळी बुचकळ्यात पडतात. पेटी ठाऊक आहे, कॅसिओ ठाऊक आहे. हा मिडी कोण? किंमत विचारावी तर ती काही हजारांपासून थेट लाखाच्या घरात जाते. आणि एवढे पैसे मोजून आणलेले वाद्य विजेला जोडले, तर त्यातून आवाजच येत नाही!

रायपूरमध्ये मराठी माणूस काही काल-परवा आलेला नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला आले, तेव्हापासून छत्तीसगडाशी मराठी माणसांचा संबंध घट्ट झाला. शहरातले महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचे. बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी, घरात मराठी, अशा वातावरणात इथल्या पिढ्या वाढल्या. अशा घरांत भजनाच्या, भोंडल्याच्या, ओव्यांच्या चाली वहीत नसतात. त्या एखाद्या आजीच्या गळ्यातच असतात. म्हणूनच मुलाच्या हट्टाकडे निव्वळ खेळणे म्हणून पाहू नये. ते यंत्र नीट निवडले, तर घरातला हा ठेवा उतरवून ठेवता येतो. चुकीचे निवडले, तर दिवाळीपर्यंत ते पलंगाखाली गेलेले असते.

छत्तीसगढी गाण्याचा प्रवासही इथे आठवावा. १९६५ मध्ये मनु नायक यांनी ‘कही देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगढी चित्रपट काढला, त्यात मोहम्मद रफी गायले. पुढे २००० मध्ये राज्य झाले, त्याच वर्षी ‘मोर छंइहा भुंइया’ गाजला आणि रायपूर हे या चित्रपटांचे केंद्र बनले. पूर्वी ज्या साजासाठी वादकांचा ताफा लागे, त्यातला बराचसा आज एका खोलीत, एका टेबलावर तयार करता येतो.

मुका कीबोर्ड

कॅसिओसारख्या कीबोर्डमध्ये स्वर, ताल, स्पीकर सगळे एकाच डब्यात असते. मिडी कीबोर्ड मुका असतो. तो संगणकाला फक्त निरोप धाडतो: कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली. मधल्या ‘पांढरी एक’चा क्रमांक ६०, दाबाचे माप १ ते १२७. त्या निरोपावरून बासरी वाजवायची की व्हायोलिन, हे संगणकातला प्रोग्राम ठरवतो.

ही निरोपांची भाषा सगळ्या कंपन्यांनी एकच मानली, हे मोठेच नवल. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली. या कामासाठी २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ती भाषा आजही चालते. म्हणून एका कंपनीचा कीबोर्ड घेतला की तिचाच प्रोग्राम घ्यावा लागतो, ही भीती नको.

पट्ट्या किती हव्यात?

बाजारात २५, ३७, ४९, ६१ आणि ८८ पट्ट्यांचे कीबोर्ड मिळतात. निवड करण्यापूर्वी घरातला गाणारा कोणत्या स्वरात गातो, ते पाहा.

समजा, आई ‘काळी चार’मध्ये गाते. २५ पट्ट्यांचा कीबोर्ड म्हणजे दोन सप्तके. त्यावर तिला मंद्र सप्तकातल्या शुद्ध गंधारापासून तार सप्तकातल्या शुद्ध गंधारापर्यंत जागा मिळते. भावगीताला एवढे पुष्कळदा पुरते. पण वडील ‘काळी एक’मध्ये गात असतील, तर त्याच कीबोर्डवर षड्जाच्या खाली एकच पट्टी उरते, मंद्र निषादाची! बटण दाबून सप्तक खाली नेता येते. तसे केले की मंद्र सप्तक मिळते. मात्र वर तार षड्ज निसटतो. स्वर सरकवण्याचेही बटण असते, पण मग डोळ्यांना दिसणारी पट्टी एक आणि कानाला ऐकू येणारी दुसरी. पेटीवर हात बसलेल्याचा त्यात गोंधळ उडतो.

३७ पट्ट्या म्हणजे तीन सप्तके, साधारण घरच्या पेटीएवढी. पेटीवरून येणाऱ्याला हे माप सर्वांत ओळखीचे. दोन्ही हातांनी वाजवायचे, डाव्या हाताने कॉर्ड धरायचे असतील तर ४९ किंवा ६१ पाहा. पियानोच शिकायचा असेल, तरच ८८ वजनदार पट्ट्यांचा विचार करा; एरवी पैसा आणि जागा दोन्ही अडकतात.

आणखी एक गोष्ट मोजायची, ती पट्टीची रुंदी. पियानोच्या सात पांढऱ्या पट्ट्या मिळून साधारण साडेसोळा सेंटीमीटर भरतात. छोट्या कीबोर्डच्या पट्ट्या पुष्कळदा याहून बारीक असतात. लहान मुलीच्या बोटांना त्या चालतील, आजोबांची बोटे मात्र दोन पट्ट्यांवर पडतील. दुकानात जाताना शिवणाची टेप पिशवीत टाका, लाजू नका!

खरी मेख डाव्या हाताची

पट्ट्यांचा हिशेब सगळेच करतात. डाव्या हाताचा विचार मात्र फारसे कुणी करत नाही, आणि आपल्या संगीतासाठी तोच अधिक महत्त्वाचा.

पेटी वाजवताना उजवा हात पट्ट्यांवर फिरतो आणि डावा भाता हलवतो. गाण्यात जीव ओततो तो डावा हात. आवाज भरणे, ओसरवणे, एखाद्या शब्दावर हलकेच दाब देणे, ही सारी भात्याची कामे. मिडी कीबोर्डला भाता नाही. तिथे पट्टी किती जोराने पडली, यावर आवाज ठरतो. संतूर, जलतरंग, पियानो यांना हे शोभते. कारण त्यांचा स्वर आघातानंतर आपोआप विरतो. पण बासरी, सारंगी, व्हायोलिन? त्यांचा स्वर लांबत असतानाच वाढतो आणि घटतो. पट्टी नुसती दाबून ठेवली, तर कारखान्याच्या भोंग्यासारखा सपाट सूर निघतो.

यावर उपाय म्हणून कीबोर्डच्या डाव्या कडेला दोन चाके असतात. एका चाकाने स्वर वर-खाली वाकवता येतो. हात काढला की ते स्प्रिंगने मध्यावर परत येते. दुसरे चाक जिथे ठेवाल तिथे थांबते. प्रोग्राममध्ये त्याला आवाजाच्या चढउताराचे काम दिले, की झाला तुमचा भाता!

पहिल्या चाकाने तर पेटीला कधीच न जमलेली गोष्ट साधते, ती म्हणजे मींड. पेटीचे स्वर सुटे-सुटे, एकातून दुसऱ्यात घसरत जाता येत नाही, हा तिच्यावरचा जुनाच आक्षेप. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ अशी सुमारे तीन दशके पेटीला बंदी होती, त्यामागे हेही एक कारण होते. चाकाची मजल सुरुवातीला सहसा दोन पट्ट्यांची, म्हणजे षड्जापासून शुद्ध ऋषभापर्यंत असते. षड्जावरून मध्यमापर्यंत मींड घ्यायची, तर प्रोग्राममध्ये ही मजल पाचावर न्यायची. एवढे केले, रोज पंधरा मिनिटे हात बसवला, की बासरी बासरीसारखी वाटू लागते.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो हा: चाके आहेत का? जागा वाचवण्यासाठी काही छोट्या कीबोर्डवर चाकांऐवजी दांडी असते. आकाईच्या एमपीके मिनीवर ती आढळते. हात सोडला की दांडी मध्यावर परत येते, त्यामुळे आवाज एका पातळीवर धरून ठेवायचा तर बोट काढता येत नाही. आर्टुरियाच्या मिनीलॅबवर बोट फिरवायच्या पट्ट्या असतात. काही स्वस्त कीबोर्डवर नुसती बटणे असतात, त्यांवर मींड नीट साधत नाही. काहींवर तर यातले काहीच नसते. तालासाठी चौकोनी रबरी गाद्या आणि रंगीत दिवे असले, तर छानच. पण त्यासाठी चाके सोडू नयेत. एम-ऑडिओच्या कीस्टेशनसारखा ४९ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड दिसायला नीरस असतो, पण त्याला दोन्ही चाके असतात.

चाकाला हात मोकळा नसेल, तर पाय आहे. संगीत नाटकांत ऑर्गन पायांनीच चाले ना? ‘एक्स्प्रेशन’ पेडलची जागा असलेला कीबोर्ड घेतला, तर भाता पायाखाली येतो. ‘सस्टेन’चे पेडल मात्र निराळे. ते स्वर नुसता धरून ठेवते, आवाज कमी-जास्त करत नाही.

दुकानाआधी घर तपासा

घरात जुना कॅसिओ किंवा यामाहा पडला असेल, तर त्याची मागची बाजू आधी पाहा. तिथे यूएसबीचा चौकोनी खाचा किंवा पाच छिद्रांचे गोल मिडी सॉकेट असेल, तर तोच संगणकाला जोडता येतो. सुरुवात फुकटात होते! अगदी खेळण्यासारख्या लहान मॉडेलना ही सोय नसते, आणि काहींच्या पट्ट्यांना दाबाचा फरकही कळत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरी तक्रार नेहमीची: ‘पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो, कीबोर्ड खराब निघाला.’ बहुतेक वेळा कीबोर्ड निर्दोष असतो. संगणक एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० तुकडे करतो आणि ते गठ्ठ्यागठ्ठ्याने वाजवतो. गठ्ठा २५६ तुकड्यांचा असेल, तर सुमारे ६ मिलिसेकंदांचा उशीर होतो. १,०२४ तुकड्यांचा असेल, तर सुमारे २३. पहिला कानाला जाणवत नाही, दुसरा बोटांना अडखळवतो. प्रोग्राममधल्या ‘बफर’ या सोयीने हा गठ्ठा लहान करता येतो. आणि हो, बिनतारी ब्लूटूथ इअरफोन या कामाला वापरू नका. त्यांचा उशीर त्याहून कितीतरी जास्त असतो. साधा तारेचा हेडफोन बरा.

प्रोग्रामसाठी लगेच पैसे घालवायची गरज नाही. ॲपलच्या यंत्रांवर गॅरेजबँड मोफत आहे, विंडोजवर एलएमएमएससारखे मोफत प्रोग्राम चालतात. मोबाइललाही कीबोर्ड जोडता येतो, मात्र मोठ्या कीबोर्डला पुरेल एवढी वीज प्रत्येक मोबाइल देत नाही.

रायपूरचा उन्हाळा आणि धूळ यांचाही विचार हवा. पट्ट्यांखाली रबरी बटणे असतात. धूळ शिरली, की एखादी पट्टी एकदम ओरडते नाही तर मुकी होते. वाजवून झाले, की पेटीवर घालतो तसा कापडी अभ्रा घालावा. दुरुस्तीचे केंद्र कोणत्या शहरात आहे, हेही पैसे देण्याआधी विचारून घ्यावे.

यंत्राने आजीकडे जावे

‘या कीबोर्डने मुलाचा कान बिघडेल का?’ ही शंका रास्त आहे. याच मुलखात खैरागडला १९५६ पासून संगीताचे विश्वविद्यालय आहे. भातखंड्यांचे शिष्य पं. श्रीकृष्ण रातंजनकर यांनी तिथले कुलगुरूपद भूषवले. शास्त्रीय गाणे शिकणाऱ्या मुलाने रियाज तानपुऱ्यावरच करावा. पेटीप्रमाणे मिडीच्या पट्ट्याही सप्तकाचे बारा समान भाग करतात, त्यांत श्रुतींचे बारकावे नाहीत. साज बांधायला कीबोर्ड, सूर शिकायला तानपुरा, अशी वाटणी ठेवली तर कानाला धोका नाही.

पण याच यंत्राला एक गोष्ट येते, जी पेटीला येत नाही. आजीचा सूर कित्येकदा ‘काळी चार’ आणि ‘पांढरी सहा’ यांच्या मधोमध कुठेतरी असतो. पेटी म्हणते, आजी, तुम्ही थोड्या वर या. प्रोग्राममध्ये मात्र प्रत्येक पट्टीचे शंभर बारीक भाग असतात, आणि सगळ्या साजाचा सूर हवा तेवढा सरकवता येतो. तेव्हा आधी आजीला तिच्या सोयीच्या स्वरात, नुसत्या तानपुऱ्यावर गाऊ द्यावे आणि ते नोंदवून ठेवावे. ओवी असेल, तर संगणकाची टिकटिक बंद ठेवावी. ओवी जात्याच्या लयीत चालते, घड्याळाच्या नव्हे. बासरी, टाळ, साज हे सगळे नंतर, तिच्या सुरामागे.

खरेदीला जाताना कागदावर चारच ओळी लिहून न्याव्यात: घरातल्या गाणाऱ्याचा स्वर, बोटांना झेपणारी पट्टीची रुंदी, डाव्या हाताला चाके, आणि आपला संगणक किंवा मोबाइल कोणता. दुकानदार दिवे दाखवू लागला, तर कौतुकाने पाहावेत. बोट मात्र चाकावर ठेवून एक मींड घेऊन पाहावी. ती मनासारखी निघाली, तरच पैसे मोजावेत.