शेवगावच्या पलीकडचा गुणाढ्य

शेवगाव तालुक्यातून गोदावरी ओलांडली की पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. आख्यायिकेप्रमाणे इथल्या राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्यानं पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' रचली. राजानं ती नाकारल्यावर सहा लाख श्लोक त्यानं आगीत टाकले. मूळ ग्रंथ आज मिळत नाही, पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं त्या परंपरेतून संस्कृत 'कथासरित्सागर' सिद्ध केला. लंबक (भाग) १८, तरंग (अध्याय) १२४!

आपला विक्रम-वेताळही त्यात आहे. पण माझा लाडका शक्तिदेव. कनकपुरी पाहिलेल्यालाच वरणार, असा राजकन्येचा हट्ट. तो निघतो, समुद्रात महामत्स्य त्याला गिळतो, त्यातूनही तो वाचतो आणि शेवटी प्रचंड पक्ष्याच्या पाठीवर बसून सुवर्णनगरीत उतरतो. परदेशी फँटसी आवडणाऱ्यांनो, पाचव्या लंबकातली ही कथा आधी वाचा.