'ध' चा 'मा' कोणीं केला?

अंबरनाथ-बदलापूरच्या विद्यार्थ्यांस मलंगगडाचा सुळका परिचित आहे. इ. स. १७८० मध्यें इंग्रजांच्या पलटणी या गडाखालीं येऊन भिडल्या. त्यांस येथवर आणणाऱ्या भांडणाचा आरंभ सात वर्षांपूर्वीं पुण्यास शनिवारवाड्यांत झाला होता. आणि त्या भांडणांत एका स्त्रीच्या नांवास जो डाग लागला, तो अजून आपल्या बोलण्यांत आहे. कोणीं शब्द फिरविला कीं त्यानें 'ध चा मा केला' असें आपण म्हणतों. ही म्हण रघुनाथराव पेशव्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या खातीं जमा आहे. तें खातें एकदां तपासावें असें आम्हांस वाटतें.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांस गारद्यांनीं चुलते रघुनाथराव यांच्या समक्ष ठार मारिलें. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून रघुनाथरावांस दोषी ठरविलें. पुतण्यास धरण्याचा हुकूम आपण दिला, मारण्याचा नव्हे, असें रघुनाथरावांचें म्हणणें होतें. मग 'धरावें'चें 'मारावें' कोणीं केलें? लोकांनीं उत्तर दिलें, त्यांच्या पत्नीनें. ग्रँट डफ साहेबांच्या १८२६ सालच्या इतिहासांत ही गोष्ट आढळते. परंतु तेथेंही ती सर्वसाधारण समजूत म्हणूनच सांगितली आहे. (छापील पुस्तकांत आलें म्हणजे सिद्ध झालें, असें परीक्षेच्या घाईंत पुष्कळांस वाटतें!)

आनंदीबाई महत्त्वाकांक्षी होत्या, पतीस पेशवाई मिळावी ही त्यांची इच्छा होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण इच्छा असणें निराळें आणि अक्षर फिरविणें निराळें. शिवाय ही कथा कोणाच्या उपयोगाची होती तें पाहावें. ज्यानें धरण्याचा हुकूम दिल्याचें कबूल केलें, त्याचा अपराध तिच्या योगें निम्मा होतो, आणि उरलेला भार बायकोच्या पदरांत पडतो.

नारायणरावांच्या विधवा गंगाबाई यांसही लोकापवाद चुकला नाहीं. त्या गरोदर होत्या. कारभाऱ्यांनीं त्यांस पुरंदरावर नेलें. तेथें १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवराव जन्मले. मूल खरें नव्हे, बदललेलें आहे, अशी कुजबूज रघुनाथरावांच्या पक्षानें उठविली. याहून हीन बोलणेंही झालें. तें आम्ही येथें छापीत नाहीं. इंग्लंडच्या दरबारांत हाच प्रकार पूर्वीं घडला होता. १६८८ च्या जूनमध्यें दुसऱ्या जेम्स राजाची राणी मेरी प्रसूत झाली, तेव्हां विरोधकांनीं बोभाटा केला कीं, बिछाना ऊबविण्याच्या भांड्यांत लपवून परकें मूल आंत आणिलें. राजानें चाळीसांहून अधिक जणांच्या साक्षी नोंदविल्या. त्यांत प्रसूतीच्या वेळीं हजर असलेल्या सरदारघराण्यांतील स्त्रियाही होत्या. पण ऐकून घेण्याची इच्छा कोणास होती? वर्ष संपण्यापूर्वींच त्यास देश सोडावा लागला. वारस नकोसा असला म्हणजे संशय प्रथम आईवर येतो. लंडनास तेंच, पुण्यास तेंच.

इकडे रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहांत त्यांनीं साष्टी व वसई देऊं केली; ठाणें तर इंग्रजांनीं आधींच घेतलें होतें. १७८० त कल्याण त्यांच्या हातीं गेलें व लढाई मलंगगडापर्यंत आली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती मिटली, आणि पुढच्या वर्षीं रघुनाथराव वारले. आनंदीबाईंस मात्र त्यानंतरही कारभाऱ्यांच्या नजरकैदेंत दिवस काढावे लागले. १७९४ सालीं नाशिकजवळ आनंदवल्ली येथें त्यांचा अंत झाला. तो फिरविलेला कागद आज आपल्यापुढें नाहीं.