ड्रोनलाही हवा ओळख क्रमांक

मुलांनो, लग्नाच्या मांडवावर घोंघावत चित्रीकरण करणारे ड्रोन तुम्ही पाहिलेच असेल. चार पंख्यांचे ते छोटेसे यंत्र जागच्या जागी वर उचलले जाते, हवेत स्थिर राहते आणि इशारा मिळताच परत खाली येते. ड्रोन हा इंग्रजी शब्द आहे. नर मधमाशी असा त्याचा एक अर्थ आहे. त्याचा आवाज ऐकला, की हे नाव त्याला किती शोभते ते पटते.

ड्रोन केवळ मौजेसाठी नसते. शेतकरी त्याच्या मदतीने पिकांवर औषध फवारतात. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने छायाचित्रे घेऊन खेड्यांतील गावठाणांचे नकाशे तयार केले गेले. त्यामुळे आपले घर नेमके किती जागेत आहे, याचा कागद अनेक कुटुंबांना मिळाला. असे हे उपयोगी यंत्र आहे. मग ते उडवण्यापूर्वी सरकारकडे नोंदणी कशासाठी करायची, असा प्रश्न तुमच्या मनात येईल.

याचे उत्तर सोपे आहे. आपल्याला ड्रोन खेळण्यासारखे वाटते, पण कायद्याच्या दृष्टीने ते विमान आहे. त्यात माणूस बसत नाही, एवढाच फरक. रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारसायकलला क्रमांक असतो. अपघात झाला, तर त्या क्रमांकावरून मालक सापडतो. आकाशाचेही तसेच आहे. ड्रोन उडवणारा दूर कोठेतरी गच्चीवर उभा असतो. ड्रोन कोणाच्या अंगावर पडले, तर खाली उभ्या असलेल्या माणसाला तो दिसतही नाही. म्हणून ड्रोनवर क्रमांक हवा आणि त्या क्रमांकाच्या मागे एक नाव हवे.

दोन घटना पाहा. डिसेंबर 2018 मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या खबरी आल्या. धोका नको म्हणून धावपट्टी बंद करावी लागली. सुमारे 1000 विमानफेऱ्यांवर परिणाम झाला आणि सुमारे 1 लाख 40 हजार प्रवाशांचे हाल झाले. पोलिसांनी खूप शोध घेतला, पण दोषी माणूस सापडला नाही.

दुसरी घटना अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराजवळची आहे. जानेवारी 2025 मध्ये तेथे भयंकर वणवा पेटला होता. आगीवर पाणी टाकणाऱ्या एका विमानाला ड्रोन धडकले. विमानाच्या पंखाला भोक पडले. वैमानिकांनी विमान सुखरूप खाली उतरवले, पण दुरुस्तीसाठी ते काही दिवस जमिनीवरच ठेवावे लागले. खाली घरे जळत होती आणि पाणी आणणारे विमान उभे होते! ड्रोन उडवणाऱ्याला फक्त आग पाहायची होती. त्याने ड्रोन इतके दूर नेले, की ते त्याच्या नजरेआड झाले. तपास करणाऱ्यांनी ड्रोनच्या तुकड्यांवरून त्याला शोधून काढले आणि त्याला न्यायालयापुढे उभे राहावे लागले.

आता आपल्या देशातील नियम पाहू. भारतात विमान वाहतुकीवर देखरेख ठेवण्याचे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. 25 ऑगस्ट 2021 रोजी केंद्र सरकारने 'ड्रोन नियम, 2021' लागू केले. या नियमांत वजनावरून ड्रोनचे पाच वर्ग पाडले आहेत. 250 ग्रॅमपर्यंतचे ड्रोन नॅनो. त्याहून जड, पण 2 किलोपर्यंतचे मायक्रो. 2 ते 25 किलोपर्यंतचे लहान, 25 ते 150 किलोपर्यंतचे मध्यम आणि त्याहून जड ते मोठे. वजन करताना बॅटरी, कॅमेरा आणि ड्रोनवर लादलेले सामानही धरतात, हे लक्षात ठेवा.

नोंदणी म्हणजे काय? ड्रोनच्या मालकाने महासंचालनालयाच्या संगणकीय यंत्रणेवर अर्ज भरायचा असतो. त्यासाठी कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. अर्जात मालकाचे नाव, पत्ता, ओळखीचा पुरावा आणि ड्रोनची माहिती द्यावी लागते. कारखान्याने प्रत्येक ड्रोनला एक अनुक्रमांक दिलेला असतो, तोही लिहावा लागतो. शुल्क फक्त 100 रुपये आहे. अर्ज मंजूर झाला, की ड्रोनला एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. तसा क्रमांक दुसऱ्या कोणत्याही ड्रोनला नसतो. नियमांनीच सूट दिली असेल तेवढी सोडून, हा क्रमांक घेतल्याशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

क्रमांक मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. ड्रोन विकले, तर नोंदणी नव्या मालकाच्या नावे करावी लागते. ते हरवले किंवा कायमचे मोडले, तर नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. असे का? समजा, तुमचे जुने ड्रोन दुसऱ्याने घेतले आणि त्याने ते कोणाच्या तरी अंगावर पाडले. नोंद तुमच्याच नावावर असेल, तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतील.

ड्रोन कोठे उडवावे, हेही ठरलेले आहे. सरकारने आकाशाचा एक नकाशा तयार केला आहे. त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग आहेत. हिरव्या भागात साधारणपणे 400 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 120 मीटर उंचीपर्यंत, वेगळ्या परवानगीशिवाय उडता येते. मात्र विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट आहे. 5 ते 8 किलोमीटरचा पट्टा पिवळा असतो. तेथे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन नेताच येत नाही. मोठ्या सभा किंवा मिरवणुकीच्या वेळी काही काळापुरता एखादा भाग लाल ठरवला जाऊ शकतो. म्हणून काल उडवले तेथे आज उडवता येईलच असे नाही. उडवण्यापूर्वी नकाशा पाहावा.

विमानतळाजवळ एवढी कडक बंदी कशाला, असे तुम्ही विचाराल. उतरणारे विमान उताराच्या रेषेने हळूहळू खाली येत असते. धावपट्टीपासून 5 किलोमीटरवर असताना ते जमिनीपासून सुमारे 260 मीटरच उंच असते. त्या वेळी त्याचा वेग ताशी 250 किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेगात अर्ध्या किलोचे ड्रोनही दगडासारखे आदळते. मुंबईत सांताक्रूझ, कुर्ला, विलेपार्ले या भागांत राहणारी मुले रोज डोक्यावरून विमाने जाताना पाहतात. त्यांना हे वेगळे सांगायला नको.

ड्रोन चालवणाऱ्यालाही प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वय 18 ते 65 वर्षे असावे, दहावी उत्तीर्ण असावे आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतलेले असावे. नॅनो ड्रोनसाठी आणि व्यवसायासाठी न वापरल्या जाणाऱ्या मायक्रो ड्रोनसाठी हे प्रमाणपत्र लागत नाही. पण लग्नात पैसे घेऊन मायक्रो ड्रोनने चित्रीकरण करायचे असेल, तर ते लागते. तुमच्यापैकी कोणाला पुढे हा व्यवसाय करायचा असेल, तर दहावीचा अभ्यास मनापासून करा!

आणखी एक गोष्ट आपल्या घराघरांत माहीत असायला हवी. आपल्या वस्त्यांतील अनेकांचे मामा, काका, भाऊ दुबई, कुवेत, सौदी अरेबियात नोकरी करतात. सुट्टीवर येताना ते मुलांसाठी काही ना काही आणतात. "येताना ड्रोन आणा," असा हट्ट त्यांच्याजवळ धरू नका. फेब्रुवारी 2022 पासून परदेशातून तयार ड्रोन आणण्यास बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढीच कामे त्यातून वगळली आहेत. विमानतळावर जकात अधिकारी ड्रोन अडवतील, आणि वर्षभर कष्ट करून घरी येणाऱ्या माणसाला दारात पोचण्याआधीच मनस्ताप होईल.

नियम मोडणाऱ्याला 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण केवळ दंडाच्या भीतीने नियम पाळणे काही खरे नाही. विमानात कोणाचे तरी आईवडील बसलेले असतात. शेजारच्या अंगणात कोणाची तरी बहीण कपडे वाळत घालत असते. तिच्या डोक्यावर कॅमेरा फिरवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही. आकाश सर्वांचे आहे, म्हणूनच ते जपून वापरले पाहिजे. हे नियम वेळोवेळी बदलतात. तेव्हा ड्रोन हाती घेण्यापूर्वी त्या वेळचे नियम मोठ्यांच्या मदतीने वाचा, ड्रोनची नोंदणी करून घ्या आणि मगच त्याला आकाशात सोडा.

स्वाध्याय

1. ड्रोनला ओळख क्रमांक का हवा, ते मोटारसायकलचे उदाहरण देऊन सांगा.
2. नकाशातील तीन रंगांचे अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
3. ड्रोन विकल्यावर मालकाने काय करावे? का?
4. पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा : नोंदणी, देखरेख, मनस्ताप, नजरेआड होणे.
5. तुमच्या आत्येभावाला शाळेच्या मैदानावर नोंदणी न केलेले ड्रोन उडवायचे आहे. त्याला तुम्ही कसे समजावाल? पाच-सहा वाक्यांत संवाद लिहा.