सांजेची मोजदाद

दिवेलागणीला आमच्या घरात दोन कामे ठरलेली असत. अब्बा मगरीबच्या नमाजाला निघत आणि अम्मा खुराड्यासमोर उकिडवी बसून कोंबड्या मोजत असे. एखादी कमी भरली की सगळ्या गल्लीतून शोध सुरू होई. कोणाच्या न्हाणीमागे, कोणाच्या कडब्याच्या गंजीत ती सापडायची. सापडली नाही, तर मुंगसाचे किंवा बोक्याचे नाव घेऊन अम्मा गप्प बसे.

'कोंबडी पाळायला काय लागते? चार दाणे आणि एक खुराडे,' असे आपण सहज म्हणून जातो. परसातली कोंबडी आपले पोट आपण भरते, हे खरेच आहे. उकिरडा उकरते, किडे-मुंग्या टिपते, खरकट्यातली शिते वेचते. पण ती बिनखर्ची असली तरी बिनकष्टाची नाही. तिला रोज थोडे थोडे लक्ष द्यावे लागते, आणि ते चुकले की नुकसान एकदम होते.

पहिली तक्रार असते अंड्यांची. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. पिसे फुलवून, कट्कट् करीत एका कोपऱ्यात बसून राहते. वर्षाकाठी अशा तीन-चार पाळ्या, म्हणजे चाळीस ते साठ अंडी. व्यापारी फार्मवरची कोंबडी तीनशेच्या आसपास देते, म्हणून आपण आपल्या कोंबडीवर रागावतो. काही जण खुडूक मोडण्यासाठी तिला पाण्यात बुचकळतात. त्यापेक्षा तिला तीन-चार दिवस हवेशीर जाळीच्या पिंजऱ्यात, खाली पेंढा न घालता ठेवावे, दाणापाणी मात्र द्यावे. आणि पिल्ले हवी असतील, तर खुडूक हा दोष नव्हेच. दहा-बारा ताजी अंडी तिच्याखाली ठेवा. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरले, तर जीव धरलेल्या अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. कोरे दिसले ते काढून टाकावे. वनराजा, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती अंडी जास्त देतात, पण त्या सहसा अंड्यांवर बसत नाहीत. म्हणून अशा घरीही एक-दोन गावरान कोंबड्या असलेल्या बऱ्या.

दुसरी तक्रार पातळ कवचाची. एक अंडे तयार व्हायला सुमारे पंचवीस तास लागतात आणि त्यातले वीसेक तास कवच घडण्यातच जातात. कवच म्हणजे बहुतांशी चुना. तो खाण्यातून मिळाला नाही, तर कोंबडी आपल्या हाडांतला काढून देते. मग कवच पातळ होते, अंडे फुटते, ती ते चाखते आणि तिला अंडी खायची सवय लागते. शिंपल्यांचा चुरा एका वाटीत वेगळा ठेवला, तर ती गरजेपुरता खाते.

उन्हाळ्यात कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा मुख्य उपाय. सावली आणि गार पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलून दिले पाहिजे. पावसाळ्यात खुराड्यातली ओल वाईट. ओल्या जागेत पिल्लांना रक्ताची हगवण लागते. खाली कोरडा भुसा, त्यात अधूनमधून थोडा चुना आणि एका कोपऱ्यात राख-माती, एवढे असावे. राखेत लोळली की कोंबडीच्या अंगावरच्या उवा कमी होतात. मुंगसासाठी जाळी बारीक हवी आणि ती जमिनीत फूटभर गाडलेली हवी, कारण मुंगूस खालून उकरून येते.

इथवरचे सारे आपल्या अंगणातले झाले. आता जे सांगणार आहे, ते एकट्याच्या अंगणात मावत नाही.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. परीक्षेची फी अम्मा कोंबड्यांतून भरणार होती. सतरा होत्या. एका सकाळी दोन मान वाकडी करून पडलेल्या दिसल्या. हिरवट-पांढरी हगवण, श्वासाची घरघर. आठवड्यात नऊ गेल्या. ही मानमोडी. पशुवैद्यकात तिला राणीखेत म्हणतात. कुमाऊंतल्या राणीखेतला १९२०च्या दशकात ती आढळली, म्हणून हे नाव. एकदा झाली की औषध नाही. अम्माने उरलेल्यांतल्या पाच बऱ्या दिसणाऱ्या कोंबड्या डालग्यात घातल्या आणि आठवडी बाजारात पडेल भावाने विकल्या. माझी फी भरली गेली.

पंधरा दिवसांनी खालाच्या गावाहून निरोप आला की त्यांच्या आळीत कोंबड्या मरत आहेत. त्या आमच्याच पाचांमुळे, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. कोणी बोललेही नाही. पण त्या दिवसानंतर अम्माने कोंबड्या बाजारात नेल्या नाहीत. विषाणू कोंबडी आजारी दिसण्याआधीच बाहेर पडू लागतो, हे तिला माहीत नव्हते. मलाही ते फार उशिरा कळले. माझ्या पदवीला तेवढा एक डाग आहे, असे मी मानतो.

मानमोडीला लस आहे, आणि ती महाग नाही. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसऱ्या लसीचे इंजेक्शन. अडचण आहे ती वेगळीच. लसीची कुपी साधारण शंभर पक्ष्यांची असते, ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन-एक तासांत संपवावी लागते. ज्या घरी आठ कोंबड्या आहेत, ती बाई शंभरांची लस का आणील? म्हणून कोणीच आणत नाही.

आमच्या गल्लीत यावर तोडगा निघाला तो बायकांच्या बोलण्यातून. धण्याच्या वाफ्यात कोंबड्या शिरल्या म्हणून शेजारच्या मावशी भांडायला आल्या होत्या. 'भाभी, तुमच्या कोंबड्या आमच्या अंगणात चरणार असतील, तर त्यांचे दुखणेही आमच्याच अंगणात येणार,' असे त्या म्हणाल्या. भांडण तिथेच थांबले. सात घरांच्या मिळून साठच्या वर कोंबड्या निघाल्या. पैसे वाटून घेतले, थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणली आणि पहाटे, पक्षी खुराड्यातून सुटण्याआधी, पशुधन पर्यवेक्षकाकडून सगळ्यांना लस टोचून घेतली. आता ते ठरल्याप्रमाणे होते. सोबत तीन नेमही ठरले. विकत आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची. मेलेली उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरायची. आणि घरात एक जरी मेली, तरी उरलेल्या बाजारात न्यायच्या नाहीत.

एकाच वेळी खूप पक्षी मरू लागले, तर पशुवैद्यकीय दवाखान्याला ताबडतोब कळवायला हवे. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आणि जानेवारी २०२१मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू आला, तेव्हा आसपासचे पक्षी मारावे लागले. ते ज्यांनी पाहिले, त्यांना कळवण्याचे मोल सांगायला नको. लपवण्याने कोंबड्या वाचत नाहीत, रोग मात्र पुढच्या गावी जातो.

आता आमच्याकडे कोंबड्या माझी बायको मोजते. आकडा जुळला की खुराड्याची कडी लावते आणि मग भिंतीपलीकडे विचारते, 'मावशी, तुमच्या सगळ्या आल्या का?'