रस्ता कुठे संपतो? अभयारण्यातल्या गाडीचा प्रश्न

"फोर बाय फोर गाडी भंडारदऱ्याच्या जंगलात नेता येते का?" प्रश्न पर्यटकांचा आहे, पण संशोधनाची तयारी करत असाल तर तुम्हीही त्यावर थोडं थांबा. याचं उत्तर गाडीत नाहीच, 'रस्ता' या शब्दात आहे.

अकोले तालुक्यातलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. घाटघर, रतनवाडी, साम्रद ही गावं त्याच परिसरातली, म्हणजे गावकऱ्यांची रोजची ये-जाही जंगलातूनच. आता 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 27 काढा. परवान्याशिवाय अभयारण्यात प्रवेश नाही. अपवाद मोजके: कर्तव्यावरचे सरकारी कर्मचारी, आत राहण्याची परवानगी असलेले, आत जमीन असलेले, या सगळ्यांवर अवलंबून असलेले, आणि सार्वजनिक रस्त्याने पार जाणारे. नीट वाचा: सूट रस्त्याने जाण्याला आहे. रस्ता सोडून गाडी ओढ्यात किंवा माळावर घातली की पर्यटकाला परवाना लागतो, मग ती जीप असो नाहीतर स्कूटी.

खरी गोची कच्च्या वाटांची. वनविभागाने गस्तीसाठी काढलेली वाट मोबाइलच्या नकाशावर रस्त्यासारखीच दिसते, पण लोकांना तिथून जायचा हक्क असेलच असं नाही. उलट चिखलाने भरलेली गाववाट सार्वजनिक असू शकते. टायरच्या खुणांवरून हे ठरत नाही. त्यासाठी गावनकाशा, बांधकाम विभागाच्या आणि जिल्हा परिषदेच्या रस्त्यांच्या नोंदी, वनविभागाचा नकाशा हे सगळं शेजारी ठेवून बघावं लागतं. (कंटाळवाणं काम आहे, मान्य.) मोटार वाहन कायदाही, 1988 चा, 'सार्वजनिक जागा' ठरवताना लोकांचा हक्कच विचारतो.

आता समजा, तुम्हाला मे-जूनमधल्या काजव्यांवर गाड्यांचा परिणाम अभ्यासायचा आहे. हेडलाइटच्या उजेडात त्यांचे मीलनाचे इशारे हरवतात. अनेक जातींच्या अळ्या ओल्या मातीत राहून गोगलगायी खातात, आणि चाकांखाली तीच माती दबते. म्हणजे परिणाम दोन, आणि जागाही दोन: पहिला डांबरी रस्त्यावरूनही होतो, दुसरा फक्त रस्ता सोडल्यावर. "रस्त्यापासूनचं अंतर" असा एकच रकाना केलात तर दोन्ही मिसळतील, आणि नियम अपुरा आहे की तो मोडला जातोय, हे तुमच्या आकड्यांतून कधीच कळणार नाही.

आणि हो, मोजायला तुम्हीही रस्ता सोडणारच. कलम 28 मध्ये परवान्याच्या कारणांत शास्त्रीय संशोधन आहे, पण गाइडचं पत्र म्हणजे परवाना नव्हे. काजवे थोडेच आठवडे असतात, म्हणून अर्ज उन्हाळ्याआधीच करा.