रोपण शरीरात, नोंद आपल्या हाती

गुडघ्याचा कृत्रिम सांधा, हृदयाच्या रक्तवाहिनीतील स्टेंट, डोळ्यातील भिंग अशी शल्यक्रियेने बसविलेली साधने आज अनेक कुटुंबांच्या परिचयाची आहेत. टाके निघाले, प्रकृती सुधारली, की रुग्णाला त्या साधनाचा सहसा विसर पडतो. परंतु शरीरातील वस्तूही झिजते, क्वचित फुटते आणि तिच्यातील द्रव्य पाझरू लागते. अशा वेळी तिची नोंद किती मोलाची ठरते, हे फ्रान्समधील एका प्रकरणावरून ध्यानी येते.

दक्षिण फ्रान्समध्ये जाँ-क्लोद मास यांनी १९९१ मध्ये ‘पॉली इम्प्लांट प्रोथेस’ अर्थात ‘पीआयपी’ ही कंपनी स्थापन केली. सिलिकॉन जेल भरलेली तिची स्तनरोपणे अनेक देशांत विकली गेली. ती बसवून घेणाऱ्यांत कर्करोगामुळे स्तन गमवावा लागलेल्या स्त्रियाही होत्या. रोपणे फुटण्याच्या तक्रारी वाढल्यावर मार्च २०१० मध्ये फ्रेंच नियामक संस्थेने कारखान्याची तपासणी केली. तेव्हा मान्यताप्राप्त वैद्यकीय जेलऐवजी स्वस्त, औद्योगिक दर्जाचे जेल वापरले जात असल्याचे उघडकीस आले.

वास्तविक कंपनीजवळ गुणवत्तेचे रीतसर प्रमाणपत्र होते. मात्र ते देणाऱ्या संस्थेचे तपासनीस पूर्वसूचना देऊन येत आणि ते येण्यापूर्वी अवैध माल दडविला जाई. शाखेतील अचानक तपासणीचे प्रयोजन जाणणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांना यातील मर्म निराळे सांगावयास नको.

गळतीचे दूरगामी परिणाम

शरीर प्रत्येक परक्या वस्तूभोवती तंतुमय आवरण निर्माण करते. रोपण फुटले तरी जेल बरेचदा त्या आवरणातच राहते व कोणतेही लक्षण दिसत नाही. असे फुटणे वर्षानुवर्षे ध्यानी येत नाही; सोनोग्राफी वा एमआरआय तपासणीतच ते कळते. जेल आवरणाबाहेर गेल्यास दाह होतो, गाठी उद्भवतात आणि काखेतील लसिका ग्रंथी सुजतात. कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रीला काखेत गाठ लागली, की रोग परतल्याच्या शंकेने तिचे मन व्याकूळ होते. गाठ सिलिकॉनची आहे की रोगाची, हे ठरविण्यासाठी तिला पुन्हा तपासण्यांना सामोरे जावे लागते.

ब्रिटनमधील तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार, ही रोपणे फुटण्याचे प्रमाण इतर रोपणांच्या सुमारे दुप्पट होते. तथापि या जेलमुळे कर्करोग होतो, असा पुरावा आढळला नाही.

डिसेंबर २०११ मध्ये फ्रेंच शासनाने सुमारे ३०,००० स्त्रियांना रोपणे काढून घेण्याचा सल्ला दिला आणि त्याचा खर्चही सोसला. डिसेंबर २०१३ मध्ये मार्सेच्या न्यायालयाने मास यांना चार वर्षांचा कारावास व ७५,००० युरो दंड ठोठावला.

नोंदीचे महत्त्व

ब्रिटनमधील स्तनरोपणांची राष्ट्रीय नोंदवही २००६ मध्येच बंद पडली होती. त्यामुळे कोणत्या स्त्रीच्या शरीरात कोणते रोपण आहे, हे शोधणे कठीण झाले. नवी नोंदवही २०१६ मध्ये सुरू झाली. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमांनी, जे मे २०२१ पासून लागू झाले, पूर्वसूचनेविना तपासणी आणि रुग्णास रोपण-कार्ड देणे बंधनकारक केले. भारतातही वैद्यकीय साधनांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ पासून चालू आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे समन्वयन करतो.

वाचकांनी आपल्या घरी एवढे अवश्य करावे : उत्पादकाचे नाव, मॉडेल, अनुक्रमांक वा बॅच क्रमांक, शल्यक्रियेची तारीख व रुग्णालयाचे नाव यांची नोंद ठेवावी. रोपणाच्या वेष्टनावरील स्टिकर रुग्णालयाच्या कागदपत्रांत लावलेला असतो, त्याची प्रत मागून घ्यावी. विमा दाव्यासाठी मूळ कागद सादर करण्यापूर्वी त्यांची छायाप्रत काढावी आणि ती कोठे ठेवली आहे, हे घरातील एका व्यक्तीस तरी सांगून ठेवावे.

मुदत ठेवीची पावती आपण जिवापाड जपतो. रोपणाच्या कागदालाही तिच्याशेजारी स्थान द्यावे. कारण ती ठेव प्रत्यक्ष शरीरात ठेवलेली असते.